शेंगेतलं पोषण आणि पैदासकाराचा चिमटा: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जन्मापासून इंदूरची. सोयाबीनच्या संकराच्या वाफ्यांत बावीस पावसाळे काढले: पायात गमबूट, कपाळावर भिंग, हातात चिमटा. आता निवृत्त आहे. तरी हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी कोपऱ्यात गाठतंच, "मावशी, ते सोयाबीन कणकेत घालावं का हो?" लोकमान्यनगरातल्या भिशीत एकदा हाच विषय दीड तास चालला आणि चिठ्ठी उचलायची राहून गेली. तेव्हा ठरवलं, उत्तरं एकदा लिहूनच काढावीत. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत, त्यामुळे कुठे शेत, कुठे स्वयंपाकघर असं होणारच.

‘बीन्स’ म्हणजे नक्की कोणत्या शेंगा?

आधी नावांचा घोळ. पुण्याहून आलेली सून ठेल्यावर वालपापडी मागते, ठेलेवाला म्हणतो नाही, बालोर आहे. दोन्ही एकच. मटाराला इथे बटला म्हणतात, चवळीच्या कोवळ्या शेंगांना बरबटी. राजमा, भाजीचा श्रावणघेवडा आणि सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा दिसायला तीन तऱ्हेचे, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच जातीचे. वाल-पावटा वेगळ्या जातीचा, चवळी वेगळी, सोयाबीन तर चुलत्याच्या चुलत्याकडचं. हे सांगायचं कारण असं की राजम्यातला चांगला गुण वालात आणा म्हटलं तर साध्या संकराने ते होत नाही. सोयरीक ज्या त्या जातीतच जमते.

इथे मी जास्त करून सोयाबीन आणि राजमा-घेवडा यांबद्दल बोलणार आहे. पहिल्याचं काम आमच्या शहरात झालंय म्हणून, आणि दुसऱ्याचं जगात सगळ्यात जास्त झालंय म्हणून.

कडधान्यात प्रोटीन असतंच की. मग पैदासकार आणखी काय वाढवतात?

प्रोटीन आहेच. राजम्यात शेकडा बावीस-चोवीस, सोयाबीनमध्ये चाळीसच्या आसपास. पण आकडा पाहून भुलू नये. कडधान्याच्या प्रथिनात मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल तोकडं पडतं, तांदूळ-गव्हात लायसिन तोकडं पडतं. वरणभात ताटात एकत्र आला की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून आपलं इतकी शतकं भागलं. प्रथिनाचं प्रमाण पैदाशीने आणखी वर नेता येतं, पण सोयाबीनमध्ये प्रथिन वाढलं की तेल घटतं, आणि बहुतेक वेळा उत्पादनही. दाण्यातली जागा ठरलेली, एक पाहुणा वाढला की दुसऱ्याला ओसरीवर झोपावं लागतं.

खरी कमतरता दुसरीकडे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय निघाला. तेव्हा लोह आणि जस्त वाढवणं हे एक काम. दुसरं काम काढून टाकण्याचं. झाड दाणा आपल्यासाठी बनवत नाही, आपल्या पोरासाठी बनवतं, आणि किड्यामुंग्यांनी तो खाऊ नये म्हणून त्यात पचन अडवणारी द्रव्यं भरून ठेवतं. ती कमी करणं हेही पोषण वाढवणंच आहे. माझं मत विचाराल तर हे दुसरं काम जास्त चतुराईचं.

पैदास करतात म्हणजे हाताने नक्की काय करतात?

हा प्रश्न सहसा शाळेतली मुलं विचारतात. मोठ्या माणसांना वाटतं, बाटलीत काहीतरी मिसळतात.

सोयाबीनचं फूल पाच ते सात मिलिमीटरचं असतं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते उमलायच्या आधीच आतल्या आत स्वतःचे पराग स्वतःला लावून मोकळं होतं, म्हणजे लग्न लावायला भटजी पोचायच्या आत वधूवर संसाराला लागलेले. म्हणून कळी उद्या उमलणार, आज पाकळीचं टोक हिरव्या निदलांतून जेमतेम डोकावतंय, अशी हेरायची. पावसात चिखलावर पोतं अंथरून बसायचं. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत कळी धरायची, चिमट्याने निदलं एकेक सोलायची, मग पाकळ्यांचा झुबका एका हिसड्यात वर ओढायचा. आत मधोमध कुक्षी आणि तिच्याभोवती दहा पुंकेसर. जोर एक केसभर जास्त झाला की कुक्षी तुटते, कळी गेली. सगळं नीट झालं तर दुसऱ्या वाणाचं ताजं उमललेलं फूल आणून त्याचे पराग कुक्षीवर अलगद टेकवायचे, देठाला दोरा बांधायचा, त्यावर चिठ्ठी. दिवसभरात अशा शंभर कळ्या केल्या तरी त्यातल्या बऱ्याचशा चार दिवसांत गळून जातात. जी टिकते तिच्या शेंगेत एक, दोन, फार तर तीन दाणे.

आणि ते दाणे खरंच संकराचे आहेत की आपल्याला फसवून कळीने आधीच स्वतःचं उरकलं होतं, हे कळायला पुढचा पावसाळा लागतो. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. आई पांढऱ्या फुलाची घ्यायची, बाप जांभळ्या फुलाचा. जांभळा रंग वरचढ असतो. पुढच्या वर्षी रोपाला जांभळी फुलं आली तर संकर साधला, पांढरी आली तर उपटून टाकायचं. पहिल्या वर्षी माझ्या एका ओळीत सगळी फुलं पांढरी आली होती. साहेब काही बोलले नाहीत, नुसतं चिठ्ठ्यांकडे पाहून पुढे गेले. ते जास्त लागलं.

संकरानंतर पाच-सहा पिढ्या निवड, मग अनेक ठिकाणच्या चाचण्या. पहिल्या कळीपासून शेतकऱ्याच्या हातात बियाणं पडेपर्यंत दहा वर्षं सहज जातात.

मी परसातल्या राजम्यातून दर वर्षी मोठे, टपोरे दाणे निवडून पेरत गेले तर?

वैशालीनगरच्या एका काकूंनी हे चार वर्षं केलं आणि दाणे होते तेवढेच राहिले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमका हाच प्रयोग घेवड्यावर केला, १९०३ साली छापला. एकाच झाडाच्या वंशातले लहान आणि मोठे दाणे वेगवेगळे पेरले, पुढच्या पिढीत दोन्हीकडच्या दाण्यांचं सरासरी वजन सारखंच. कारण घेवडा स्वतःच स्वतःला फळवतो, वंश शुद्ध असतो. दाणा मोठा झाला तो शेंगेतल्या जागेमुळे, पाण्यामुळे, खतामुळे. बी त्याच रक्ताचं. पुढे १९०९ साली ‘जीन’ हा शब्दही याच योहान्सननी दिला. तो शब्द आज साऱ्या जगाच्या तोंडी आहे, त्यामागे घेवडा आहे हे कुणी लक्षात ठेवत नाही.

काकूंनी चार गावचे चार वेगळे राजमे एकत्र लावून त्यांतून निवड केली असती तर फरक दिसला असता. निवडायला आधी वेगळेपण लागतं. पैदासकाराचा निम्मा वेळ वेगळेपण शोधण्यातच जातो, बियाण्यांच्या संग्रहांत, डोंगरातल्या जुन्या वाणांत.

हे जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं, आहे का?

नाही. या पानावरचे बहुतेक वाण संकर आणि निवडीतून आलेले आहेत. भारतात जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगीच नाही.

इंदुरात सोयाबीनवर एवढं काय झालं?

बरंच. आणि गोष्ट कोरियापासून सुरू होते.

सोयाबीनच्या दाण्यात कुनिट्झ ट्रिप्सिन इन्हिबिटर नावाचं एक प्रथिन असतं. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ साली ते स्फटिकरूपात वेगळं केलं म्हणून त्यांचं नाव. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य प्रथिनं फोडण्याचं काम करतं. हा कुनिट्झ त्याच्या गळ्यात पडतो आणि सोडतच नाही. त्यामुळे कच्चं सोयाबीन खाल्लं तर चाळीस टक्के प्रथिनाचा निम्माशिम्मा उपयोगही होत नाही. उष्णतेने तो मरतो, म्हणून सोयाबीन उकडावं लागतं, कारखान्यात पेंड तापवावी लागते, आणि फार तापवली की लायसिन जळतं. इकडे आड तिकडे विहीर.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात थिओडोर हायमोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात बियाण्यांच्या सरकारी संग्रहातले हजारो नमुने तपासले. कोरियातून आलेल्या दोन नमुन्यांत हे प्रथिन नव्हतंच. निसर्गात आपसूक झालेली चूक, कुणीतरी जपून ठेवलेली. त्यातून पुढे तिकडे ‘कुनिट्झ’ नावाचाच वाण झाला. (त्याच इलिनॉय विद्यापीठाने साठच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाला सोयाबीनच्या कामात हात दिला होता. त्याआधी आमच्या माळव्यात काळ्या दाण्याचं ‘कालीतूर’ सोयाबीन तुरळक घेत. पिवळं सोयाबीन पसरलं ते नंतर.)

इंदूरला खंडवा रोडवर १९८७ साली सोयाबीनचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं, आज ती राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था. तिथल्या शास्त्रज्ञांनी हा अमेरिकी वाण आपल्याकडच्या जेएस ९७-५२ शी जोडला. अडचण अशी की प्रथिन न बनवणारं जनुक अप्रभावी आहे. दोन नळांपैकी एक जरी चालू राहिला तरी बादली भरतेच, तसं: आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच दाणा कुनिट्झमुक्त. वरून पाहून काही कळत नाही. मग पानाचा तुकडा प्रयोगशाळेत न्यायचा, डीएनएवरची खूण पाहायची, आणि हवी ती प्रत असलेलंच रोप पुन्हा जेएस ९७-५२ शी जोडायचं. दर फेरीला परदेशी रक्त निम्मं होत जातं: ५० टक्के, २५, १२.५, ६.२५. शेवटी उरतो तो आपलाच वाण, त्यातला एक नळ तेवढा कायमचा बंद.

असा झाला एनआरसी १२७. २०१८ साली प्रसारित झाला, मध्य प्रदेशाबरोबर विदर्भ आणि मराठवाड्यासाठीही. त्यामुळे नागपूर-लातूरच्या नातेवाइकांनाही कळवायला हरकत नाही.

मग एनआरसी १२७ कच्चाच गव्हात दळून आणला तर चालेल?

नको. कुनिट्झ गेला म्हणजे ट्रिप्सिनला अडवणाऱ्या द्रव्यांचा मोठा वाटा गेला, पण बोमन-बर्क नावाचा एक धाकटा भाऊ उरतो, शिवाय लेक्टिन हे पोट बिघडवणारं प्रथिन. तापवणं कमी पुरतं, टळत नाही.

साध्या सोयाबीनच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगते. माझ्या सख्ख्या नणंदेने टीव्हीवर ऐकलं, पाच किलो गव्हात किलोभर कच्चं सोयाबीन घालून चक्कीवरून दळून आणलं. आठवडाभर घरात सगळ्यांची पोटं गच्च, आणि दोष गेला गव्हाला. रीत सोपी आहे. उकळत्या पाण्यात सोयाबीन टाका, वीस-पंचवीस मिनिटं उकळू द्या, पाणी फेका, सालं चोळून काढा, कडक उन्हात खडखडीत वाळवा, मग दळा. गव्हाच्या नवव्या-दहाव्या हिश्शाइतकं पुरे. पोळी मऊ राहते, मुलांना पत्ताही लागत नाही.

सोयाबीनचा तो हिरवट वास पैदाशीने जातो का?

जातो. तो वास दाण्यात आधीपासून नसतोच, दाणा फुटल्यावर तयार होतो. लायपॉक्सिजिनेज हे द्रव्य पाण्याच्या सोबतीने दाण्यातल्या तेलावर काम करतं आणि तो कच्चा, गवती वास सुटतो. त्याचे तीन प्रकार आहेत, दोन नंबरचा सगळ्यात खोडकर. तो नसलेला एनआरसी १३२ इंदूरच्याच संस्थेचा, आणि कुनिट्झ व लायपॉक्सिजिनेज-२ दोन्ही नसलेला एनआरसी १४२ सुद्धा. एनआरसी १४७ मध्ये ओलेइक आम्ल सुमारे ४२ टक्के आहे, नेहमीच्या वाणांत ते वीस-पंचवीस असतं. असं तेल लवकर खवट होत नाही.

साध्या दाण्याचं दूध घरी काढणार असाल तर भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यात न वाटता उकळत्या पाण्यात वाटा. द्रव्य जागच्या जागी मरतं, वास बराच कमी येतो.

लोह जास्त असलेला राजमा खाऊन रक्त खरंच वाढतं का?

रवांडात वाढलं. तो देश घेवडा रोज खाणारा, सकाळ-संध्याकाळ, आपल्याकडे वरण असतं तसा. साध्या घेवड्यात लोह दहा लाख भागांत पन्नास भागांच्या आसपास. कोलंबियात काली शहराजवळ घेवड्याचा जगातला फार मोठा बियाणे-संग्रह आहे, तिथे शोधता शोधता याहून खूप जास्त लोहाचे वाण मिळाले. लक्ष्य ठेवलं चौऱ्याण्णवचं. हार्वेस्टप्लस या कार्यक्रमाखाली असे वाण रवांडात शेतकऱ्यांना दिले. तिथल्या विद्यापीठातल्या, अंगात लोह कमी असलेल्या १८ ते २७ वयाच्या मुलींना १२८ दिवस हा घेवडा आणि दुसऱ्या गटाला साधा घेवडा खाऊ घातला. लोहवाल्या गटात हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दोन्ही जास्त वाढले. हार्वेस्टप्लसचे संस्थापक हॉवर्थ बोइस यांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, रताळ्यावर काम करणाऱ्या तिघांबरोबर वाटून.

पण इंदुरात आपण राजमा किती खातो? महिन्यातून दोनदा, तोही पाहुणे आले तर. त्या हिशेबाने हिमोग्लोबिन हलायचं नाही. आपल्याकडे याच वाटेने मसूर गेली आहे: कानपूरच्या कडधान्य संस्थेच्या आयपीएल २२० या वाणात लोह ७३ आणि जस्त ५१ भाग, नेहमीच्या मसुरीत लोह पन्नासच्या आतबाहेर. मसूर आठवड्यातून तीनदा शिजवणाऱ्या घरात ही जास्त कामाची. हो, आणि जेवणावर लगेच चहा ओतू नका. त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. लिंबू पिळा.

फायटेट लोह अडवतं म्हणतात. ते पैदाशीने काढूनच का टाकत नाहीत?

काढून पाहिलं, आणि ही गोष्ट मला फार शिकवून गेली. फायटेट, म्हणजेच फायटिक आम्ल, ही दाण्याची फॉस्फरसची तिजोरी. ते लोह-जस्ताला आवळून धरतं, म्हणून आपल्याला मिळत नाही. शास्त्रज्ञांनी फारच कमी फायटेटचा घेवडा तयार केला. कागदावर सोन्यासारखा. रवांडात बायकांना प्रत्यक्ष खाऊ घातला तर बहुतेकींची पोटं बिघडली. दाणा शिजायलाच कठीण निघाला, आणि त्यातलं फायटोहिमाग्लुटिनिन नावाचं लेक्टिन नेहमीच्या शिजवण्याने पुरतं मरत नव्हतं. म्हणजे एका गुणावर नजर लावून बसलेल्या पैदासकाराच्या पाठीमागून दुसरा अवगुण आत शिरला होता. वाण हातात आला की आधी पातेल्यात घालून पाहावा, ताळेबंद नंतर. हे मी पूर्वीही म्हणायचे, पण चिमटेवालीचं कोण ऐकतंय!

फॉस्फरसची तिजोरी रिकामी केली की उगवणही अडखळते, हा आणखी एक भाग.

तेच लेक्टिन साध्या राजम्यातही असतं. म्हणून राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कमीत कमी दहा मिनिटं खळखळ उकळलाच पाहिजे. कुकरच्या शिट्ट्यांत ते होऊन जातं. विजेच्या मंद आचेच्या भांड्यात नुसता तासन्‌तास गरम राहिलेला राजमा मात्र धोक्याचा.

मग आजी मोड आणायची, डाळिंब्या सोलायची, ते बरोबरच होतं?

शंभर टक्के. वाल रात्री भिजत, सकाळी उपसून पंच्यात घट्ट बांधून परातीखाली. दुसऱ्या दिवशी पंचा सोडला की तो दमट, किंचित आंबूस वास आणि अर्ध्या बोटाचे मोड. मोड येताना दाणाच स्वतःची तिजोरी उघडतो, फायटेज नावाचं द्रव्य फायटेट फोडायला लागतं, क जीवनसत्त्वही तयार होतं. मग कोमट पाण्यात टाकून साल चिमटीत दाबायचं, डाळिंबी सुळकन पुढे उडते. सालाबरोबर बरंचसं टॅनिन जातं. आजीला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. तिला वाल कडू लागायचा एवढंच ठाऊक होतं.

म्हणूनच मला वाटतं, आपल्या घरांसाठी फायटेटच्या मागे लागण्यापेक्षा लोह वाढवणं आणि दाणा लवकर शिजणं यांवर जोर द्यावा. लवकर शिजणाऱ्या घेवड्याची पैदास परदेशात चालू आहे. पाच शिट्ट्यांच्या जागी दोन लागल्या तर सिलिंडर पुरतो, आणि मग राजमा महिन्यातून दोनदाच कशाला!

पोटात वारा धरणार नाही असा वाण आहे का?

रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा फोडणारं द्रव्य माणसाच्या पोटात नाही, त्या मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या वाट्याला जातात आणि तिथून पुढचं सर्वांना माहीत आहे. या साखरा कमी असलेलं सोयाबीन अमेरिकेत झालेलं आहे. ते इकडे येईतो भिजवलेलं पाणी फेका, हिंग सढळ हाताने घाला.

तिवड्याचं काय? खावा की नाही?

आपण ज्याला लाख किंवा लाखोळी डाळ म्हणतो तोच इकडचा तिवडा. दुष्काळात बाकी सगळं करपलं तरी हा उभा राहतो, आणि तोच एक खाऊन राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडतात. त्यातलं ओडॅप नावाचं द्रव्य कारण. विंध्य भागात, रीव्याकडे, याचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि १९६१ मध्ये विक्रीवर बंदीचा नियम आला. पैदासकारांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे वाण काढले, ओडॅप ०.१ टक्क्याच्या खाली. चांगलं काम. पण दुकानातल्या डाळीकडे पाहून ती रतनची की जुन्या वाणाची हे सांगता येत नाही, आणि पाण्याच्या ताणाने प्रमाण वरखाली होतं. मी घेत नाही.

असे वाण आहेत, तर आमच्या दुकानात का दिसत नाहीत?

कारण मंडीत पोषणाला भाव नाही. माझ्या दिरांची देपालपूरकडे जमीन आहे. मीच भरीस घालून त्यांच्याकडून दीड एकर एनआरसी १२७ करवून घेतला. पीक बरं आलं. ट्रॉली घेऊन मंडीत मीही गेले. व्यापाऱ्याने मूठभर दाणे घेतले, तळहातावर फुंकर मारून काडीकचरा उडवला, एक दाणा दाताखाली धरून कट्कन फोडला. ओल नाही हे आवाजावरून कळलं. डागी दाणे मोजले, भाव बोलला. मी म्हटलं, भैया, यात कुनिट्झ नाही, पचायला हलकं आहे. तो हसून म्हणाला, "बहनजी, तेल कितना निकलेगा, वो बताओ." शेजारच्या ट्रॉलीतल्या साध्या सोयाबीनला जो भाव, तोच आम्हाला. मग दोन्ही एकाच ढिगावर ओतले गेले. दहा वर्षांची पैदास त्या ढिगात अर्ध्या मिनिटात नाहीशी झाली.

त्याचं तरी काय चुकलं? सोयाबीन आपल्याकडे तेलासाठी गाळलं जातं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात नाही तर परदेशात जाते. खाण्याचं सोयाबीन वेगळं ठेवायला वेगळं पोतं, वेगळं गोदाम, वेगळा खरेदीदार लागतो. सोयादूध, टोफू करणाऱ्या लहान उद्योगांनी शेतकऱ्यांशी थेट ठराव केला तरच हे जमतं. दिरांनी पुढच्या वर्षी पुन्हा आपला नेहमीचा वाण लावला. मी काही बोलले नाही.

जमिनीतच जस्त नसेल तर दाण्यात कुठून येणार?

नाहीच येणार. मध्य प्रदेशातल्या पुष्कळ जमिनींत जस्त कमी आहे. आधी माती तपासा, गरज निघाली तर झिंक सल्फेट द्या. रिकाम्या विहिरीवर नवी मोटर बसवून पाणी येत नाही.

बियाणं दर वर्षी विकत घ्यावं लागतं का?

नाही. सोयाबीन स्वतःच फळतं, त्यामुळे शुद्ध बियाणं घरचं दोन-तीन वर्षं वापरता येतं. मका किंवा कपाशीच्या संकरित बियाण्यासारखी पुढच्या पिढीत फाटाफूट होत नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी मात्र जपून ठेवा. भेसळ फुलात क्वचित होते, मळणीयंत्रात नक्की होते. आधीच्या शेतातले दोन किलो दाणे यंत्राच्या पोटात राहिलेले असतात. सुरुवातीचं पोतं बियाण्यासाठी ठेवू नका. यंत्र हळू चालवा, सोयाबीनचं साल पातळ, आपटलं की उगवण जाते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, सत्तर उगवले तर ठीक.

नुसतं पाहून कुनिट्झमुक्त दाणा ओळखता येतो का?

मला विचारताय? घरी दोन बरण्या आहेत, एकीत एनआरसी १२७, दुसरीत साधं सोयाबीन. दिवाळीच्या साफसफाईत मोलकरणीने बरण्या घासल्या, चिठ्ठ्या धुऊन निघाल्या. बावीस वर्षं या दाण्यांत घालवलेली मी, भिंग लावून अर्धा तास खिडकीशी बसले. मग दोन्ही बरण्या एकाच पातेल्यात ओतल्या आणि वीस मिनिटं उकळायला ठेवल्या.